लॉनला यूरिया किती, कधी, आणि मृगाच्या तोंडावर का नको

जून लागला, हवेत दमटपणा आला, सिंहगडाच्या बाजूला काळं दाटायला लागलं की आमच्या सोसायटीत दरवर्षी तोच सीन असतो, माळीकाका घमेल्यात यूरिया घेऊन लॉनच्या कडेला उभे आणि कमिटीतलं कोणीतरी त्यांना सांगतंय की आज-उद्यात पाऊस येतोय, टाकून घ्या, आपोआप मुरेल. काकांचंही तेच मत, "पाण्याबरोबर आत जातंय की साहेब, परत पाणी मारायला नको." ऐकायला एकदम बरोबर वाटतं, पाणी फुकट, कष्ट वाचले. पण लॉनला नायट्रोजन द्यायची वर्षातली सगळ्यात वाईट वेळ कोणती असं मला विचारलं तर मी हीच सांगेन.

मी पण हे केलेलं आहे, उगाच शहाणपणा शिकवत नाहीये. बावधनला राहायचो तेव्हा घरासमोर वीस बाय वीसचं लॉन होतं, म्हणजे ४०० स्क्वेअर फूट, त्यावर मी जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन किलो यूरिया मुठीमुठीनं फेकला, दोन किलो का तर पिशवी दोन किलोची होती. दोन रात्री धो धो पाऊस. आठवड्यानं लॉनवर वाघाच्या अंगासारखे पट्टे, जिथे मूठ पडली तिथे काळपट हिरवं, मधे पिवळं, दोनचार ठिकाणी तर चक्क जळलेलं, आणि जुलै निम्मा व्हायच्या आत सगळं परत होतं तसं फिकट. नंतर हिशोब केला तेव्हा कळलं की वर्षभर पुरेल त्याहून जास्त खत मी एका दुपारी टाकलं होतं. गवताने खाल्लं असेल थोडंफार, बाकीचं गेलं खाली.

खाली कसं जातं ते एकदा समजून घ्या, मग पुढचं सगळं स्वतःच सुचतं. यूरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, पण गवताची मुळं तो मुख्यतः यूरियाच्या रूपात घेत नाहीत. ओल मिळाली की मातीतलं यूरिएज नावाचं एन्झाइम काही दिवसांत त्याचं अमोनियम करतं, आणि मग मातीतले जिवाणू त्या अमोनियमचं नायट्रेट करतात, पुण्यासारख्या उबदार हवेत याला दोनतीन आठवडे खूप झाले. आता गंमत अशी की मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, अमोनियमवर धन, त्यामुळे तो मातीला चिकटून बसतो. नायट्रेटवर मात्र ऋण भार, माती त्याला धरतच नाही. पाणी जिकडे जाईल तिकडे नायट्रेट. मुळांनी वाटेत पकडलं तर पकडलं, नाहीतर मुळांच्या खाली, आणि एकदा मुळांच्या खाली गेलं की ते तुमचं राहिलं नाही, ते पुढे बोअरच्या पाण्यात नाहीतर नाल्यात. आणि यूरिया स्वतः तर कुठलाच भार नसलेला, म्हणजे टाकल्या टाकल्या दोन तास बदाबदा पाऊस पडला तर तो अमोनियम व्हायच्या आधीच विरघळून खाली सरकतो.

वरूनही जातो तो. यूरिया नुसता ओलसर मातीवर पडून राहिला आणि वर पाणी दिलं नाही तर त्याचा अमोनिया वायू होऊन उडतो, आणि आपल्याकडच्या काळ्या मातीचा पीएच साधारण साडेसात ते साडेआठ असतो, म्हणजे ती अल्कधर्मी, अशा मातीत हे जास्तच होतं. म्हणजे पाणी कमी पडलं तर वर गेला, जास्त पडलं तर खाली गेला. मधल्या छोट्याशा खिडकीत काम साधायचं असतं.

माती कोणती यावर बरंच अवलंबून आहे आणि पुण्यात एका गल्लीत तीन प्रकारची लॉनं सापडतात. एक म्हणजे खरी काळी माती, हडपसर, मांजरीकडे जुन्या प्लॉटवर मिळते. ती पाणी आणि अमोनियम दोन्ही घट्ट धरते, गळती कमी, पण मे महिन्यात तिला बोटं जातील एवढ्या भेगा पडतात आणि पहिला मोठा पाऊस त्या भेगांतून सरळ खाली उतरतो, वरचं खत घेऊन. पुढे भेगा बुजल्या, पाणी साचलं, की हवा न मिळालेल्या मातीतले जिवाणू नायट्रेटचा वायू करून उडवतात, तोही तोटाच. दुसरा प्रकार बंगल्याचा, खाली मुरूम, त्यावर ट्रकनं आणलेली सहा इंच लाल माती, त्याखाली फुटलेला काळा पाषाण. हिच्यात पाणी थांबत नाही. आणि तिसरा प्रकार आपल्या नव्या सोसायट्यांचा, पोडियम लॉन, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर ड्रेन सेल (पाणी निघून जायला प्लास्टिकची पोकळ जाळी), त्यावर कापड, त्यावर सहा ते आठ इंच लाल माती, कोकोपीट, वाळू यांचं मिश्रण. गळतीच्या बाबतीत हे सगळ्यात वाईट.

पोडियमचा हिशोब करून बघा. सहा इंच म्हणजे १५० मिलीमीटर माती, असं मिश्रण साधारण त्याच्या पाचव्या हिश्शाएवढं पाणी धरतं असं धरू, म्हणजे ३० मिलीमीटर. जुलैत ती आधीच भिजून तुडुंब असते. त्यावर आणखी तीसेक मिलीमीटर पाऊस झाला, जो पश्चिम पुण्यात, बावधन, पिरंगुटकडे एखाद्या दिवसात सहज होतो, की आतलं जुनं पाणी बहुतेक सगळं ढकललं जातं आणि त्याबरोबर त्यातलं नायट्रेट. पाइपातून थेट बाहेर. शिवाजीनगरला वर्षाला सरासरी सातशे मिलीमीटरच्या थोडा वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, म्हणजे ही धुलाई किती वेळा होत असेल ते बघा.

आता किती टाकायचं. इथे लोक अंदाजपंचे करतात म्हणून मी एक सोप्पा फॉर्म्युला वापरतो, शंभराला पन्नास. १०० स्क्वेअर फूट लॉनला ५० ग्रॅम यूरिया, हा एक डोस. १००० स्क्वेअर फुटाला अर्धा किलो. यात दर चौरस मीटरला सुमारे अडीच ग्रॅम नायट्रोजन पडतो. एका वेळी जास्तीत जास्त याच्या दुप्पट, म्हणजे शंभराला शंभर, ही शेवटची रेघ, त्यापुढे यूरियासारखं पटकन विरघळणारं खत एका वेळी कधीच नाही. मी दुप्पटही टाकत नाही, पोडियमवर तर अजिबात नाही. माझ्या त्या वीस बाय वीसच्या लॉनला २०० ग्रॅम पुरले असते आणि मी २००० टाकले होते. किचनचा वजनकाटा वापरा, लाजू नका, मूठ हे माप नाही, माझी मूठ आणि माळीकाकांची मूठ यात बराच फरक आहे.

लॉन मोजायला टेप घ्या, मधली झाडं, पायवाट, कारंजं वजा करा. आमच्याकडे ६००० फूट आहे असं सगळे म्हणायचे, मोजलं तर ४२०० निघालं.

वर्षात किती डोस ते गवतावर. नर्सरीत सिलेक्शन नंबर १ म्हणून जे बारीक पानाचं मिळतं ते हरळीच्याच कुळातलं, म्हणजे आपण गणपतीला वाहतो त्या दूर्वांचं भावंड, त्याला भरपूर ऊन आणि बऱ्यापैकी खायला लागतं, वर्षाला असे पाच ते सहा डोस, म्हणजे हजार फुटाला अडीच ते तीन किलो यूरिया. मेक्सिकन किंवा कोरियन म्हणतात ते गादीसारखं दाट गवत, त्याला तीन-चार डोस बास, जास्त दिलं तर ते खाली वाळक्या काड्यांचा थर धरतं, वरून हिरवं आतून तपकिरी, चाललं की स्पंजसारखं लागतं आणि पाणी आत जाईना. सावलीत लावतात ते रुंद पानाचं, त्याला वर्षात दोन. आणि गवत कोणतंही असो, बिल्डिंगच्या सावलीत दिवसाला चार तासही ऊन नसेल तर हिशोबाच्या निम्मं, कारण ऊन नाही तिथे गवत खाऊन करणार काय, नुसतं लांब, लेचंपेचं वाढतं आणि बुरशी धरतं.

यूरियाऐवजी अमोनियम सल्फेट घेतलं तर त्यात नायट्रोजन साधारण २१ टक्केच असतो, म्हणून ५० ग्रॅमच्या जागी ११० ग्रॅम. महाग पडतं पण मला आवडतं, सगळा नायट्रोजन अमोनियमच्या रूपात, म्हणजे टाकल्यावर मातीला धरून बसतो, शिवाय त्यातल्या अमोनियमचं नायट्रेट होताना माती किंचित आम्ल होते, त्याची आपल्या अल्कधर्मी मातीला थोडी मदत होते. पावसाळ्यातल्या उघडिपीत मी हेच वापरतो. १९:१९:१९ आणि डीएपी ही स्फुरद (फॉस्फरस) असलेली खतं लोक लॉनवर सर्रास टाकतात, त्याची गरज माती तपासल्याशिवाय धरू नका, जुन्या लॉनला स्फुरद सहसा पुरेसा असतो आणि जास्तीचा स्फुरद मातीच्या कणांबरोबर वाहून ओढ्यात जातो. माती तपासणी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत होते, खाजगी लॅबही आहेत, तीन-चार वर्षांतून एकदा करा. नॅनो यूरियाबद्दल, म्हणजे बाटलीतल्या द्रव यूरियाबद्दल, पण लोक विचारतात, सुरुवातीला जी ४ टक्क्यांची ५०० मिलीची बाटली आली तिच्यात एकूण नायट्रोजन २० ग्रॅम होतो, हजार फुटाच्या एका डोसला लागतो २३०, तुम्हीच बघा.

शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड? चांगलंच आहे, पेंडीत चार-पाच टक्के नायट्रोजन असतो आणि तो हळूहळू सुटतो, लाल मातीच्या लॉनला मी मार्चमधे हजार फुटाला पाच किलो पेंड चाळून टाकतो आणि तेवढा यूरियाचा एक डोस कमी करतो. हा कमी करायचा भाग लोक विसरतात. सेंद्रिय आहे म्हणून दर महिन्याला पोतं उपडं करायचं आणि वर यूरिया पण, असं चालत नाही, शेणखतातला नायट्रोजनही शेवटी नायट्रेटच होतो आणि पाण्याला तो कुठून आला याच्याशी काही देणंघेणं नसतं.

आता कॅलेंडर. ही सगळी गवतं उष्ण प्रदेशातली, २७ ते ३५ अंशांत ती जोमात असतात आणि रात्री १२-१३ च्या खाली जायला लागल्या की झोपतात. त्यामुळे डिसेंबर, जानेवारीत लॉन फिकट दिसलं तरी हात खिशात ठेवा. त्यावेळी टाकलेलं खत गवत घेत नाही, ते नुसतं पडून राहतं आणि तुम्ही रोज पाणी मारून ते खाली ढकलता. होळीच्या आसपास रात्री उबदार झाल्या, नवीन कोंब दिसायला लागले, की पहिला डोस, साधारण मार्चच्या मध्यात. त्याआधी वाळकं गवत दाताळ्याने ओढून काढा, घट्ट झालेल्या जमिनीला भोकं पाडा, मग खत. दुसरा एप्रिलच्या शेवटी. मे मधला डोस फक्त पाणी भरवशाचं असेल तरच, टँकरवर दिवस काढत असाल तर गवताला खायला घालून त्याची तहान वाढवू नका, त्याला मे महिना थोडा पिवळा काढू द्या, हरळी मरत नाही.

आणि जून. जूनमधे काही टाकायचं नाही, का ते सांगतो, नुसतं वाहून जातं म्हणून नाही. उन्हाळाभर कोरड्या पडलेल्या मातीला पहिली ओल लागली की तिच्यातले जिवाणू एकदम जागे होतात आणि मातीतल्या कुजलेल्या पाचोळ्यातला नायट्रोजन झपाट्याने मोकळा करतात. पहिल्या पावसानंतर आठवडाभरात रस्त्याकडेचं, कोणी कधी खत न घातलेलं गवत कसं हिरवंगार होतं बघा, वेताळ टेकडी बघा. ते फुकटचं जेवण आहे, आणि नेमकं तेव्हाच आपण वरून यूरिया ओततो, म्हणजे पोट भरलेल्याला परत ताट वाढतो आणि उरलेलं सगळं गटारात. तीन-चार आठवडे काहीच लागत नाही. कमिटीतल्या मंडळींना हे पटवायला मला दोन वर्षं लागली, शेवटी अर्ध्या लॉनला टाकलं आणि अर्ध्याला नाही, जुलैमधे फरक दाखवा म्हटलं, कोणाला दाखवता आला नाही.

जुलैच्या शेवटी रंग उतरायला लागला तर अर्धा डोस, म्हणजे शंभराला पंचवीस, आणि तो सुद्धा उघडीप बघून, पुढचे दोन दिवस मोठ्या पावसाचा इशारा नसताना. ऑगस्टच्या शेवटी गरज वाटली तर असाच आणखी एक अर्धा. ढगाळ हवेत ऊन कमी म्हणून गवताची भूकही कमी असते. मग सप्टेंबरात घाई करू नका, गणपती गेले म्हणजे पाऊस गेला असं नसतं, परतीचा पाऊस एका संध्याकाळी काय करू शकतो ते २५ सप्टेंबर २०१९ ला पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या पुराने दाखवलंय. हस्ताचा गडगडाट उरकू द्या. दसऱ्याच्या आगेमागे, ऑक्टोबरचं ऊन कडक झालं की पूर्ण डोस, माझ्या मते पुण्यातल्या लॉनसाठी हा वर्षातला सगळ्यात कामाचा डोस, ऊन आहे, माती ओली आहे, मुळं जोरात आहेत, पाऊस नाही, टाकलेलं बहुतेक सगळं गवताला मिळतं. त्यानंतर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात शेवटचा, की दुकान बंद. हे सिलेक्शनसाठी झालं. मेक्सिकनला यातले मार्च आणि ऑक्टोबरचे पूर्ण, एप्रिल आणि ऑगस्टचे अर्धे धरा, सावलीवाल्याला फक्त मार्च आणि ऑक्टोबर. नवीन अंथरलेल्या लॉनला पहिला महिनाभर काहीच नाही, त्याला अजून मुळंच नाहीत, गादी उचलली तर हातात येते, खत पकडणार कोण.

टाकायची पद्धत. गवत कापून एक दिवस झालेला हवा, पानं कोरडी हवीत, ओल्या पानावर दाणा चिकटला की तिथे जळतं, कुत्र्याने लॉनवर सू केली की मधे जळकं आणि भोवती गडद हिरवं वर्तुळ होतं बघा, तो नायट्रोजनचाच प्रताप. मोजलेला यूरिया त्याच्या चार-पाच पट कोरड्या वाळूत नाहीतर चाळलेल्या गांडूळखतात मिसळा, तेवढ्यासाठीच, की मूठ भरून फेकता यावी आणि ५० ग्रॅम शंभर फुटावर पसरावेत. मिश्रणाचे दोन भाग करा, एक उभा चालत फेका, एक आडवा, म्हणजे पट्टे पडत नाहीत. सकाळी लवकर पानांवर दव असतं म्हणून संध्याकाळी चार-पाचला टाकणं बरं. कडेच्या पेव्हर ब्लॉकवर उडालेले दाणे झाडूने परत लॉनमधे ढकला, हे छोटं वाटतं पण तो दाणा पहिल्या सरीबरोबर पावसाळी गटारात आणि तिथून ओढ्यात. आमच्या भागातलं पाणी रामनदीला जातं, तिथून पाषाण तलाव, पुढे मुळा. तलावात जलपर्णी माजते ती मुख्यतः मैलापाण्याने, तुमच्या लॉनमुळे नाही, पण म्हणून त्यात आपली मूठभर भर घालायचं कारण नाही.

फेकून झालं की लगेच पाणी, पण मोजून. पाच-सहा मिलीमीटर हवं, म्हणजे शंभर फुटाला पन्नास लिटर, साधारण साडेतीन बादल्या. एवढ्याने यूरिया पानांवरून उतरून मातीत दोनेक इंच जातो, उडत नाही आणि मुळांच्या खालीही जात नाही. स्प्रिंकलर असेल तर लॉनवर चार-पाच सरळ काठाचे स्टीलचे डबे ठेवा, पंधरा मिनिटं चालवा, आत किती पाणी साचलं ते पट्टीने मोजा. आमच्याकडे पंधरा मिनिटांत ११ मिलीमीटर पडत होतं आणि काका रोज चाळीस मिनिटं चालवत होते. खताचा हिशोब कितीही बरोबर करा, पाणी असं सोडलं तर उन्हाळ्यातही गळतीच गळती. पावसाळ्यात सर येणार म्हणून हे पाणी वाचवू नका, हलकी सर येणार याची खात्री हवामान खातंही देत नाही.

कापलेलं गवत लॉनवरच राहू द्या. दर वेळी पानाचा फक्त वरचा एक तृतीयांश भाग कापला तर तुकडे बारीक असतात, दोन दिवसांत खाली बसतात, कुजतात आणि त्यातला नायट्रोजन परत मिळतो, वर्षाचा जवळजवळ एक-दोन डोस यातच सुटतो. पोती भरून गवत कचऱ्यात आणि पोतं भरून यूरिया आत, हा व्यवहार मला कधी कळला नाही.

आता ज्यांच्या सोसायटीत एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे आणि बागेला तेच पाणी जातं, त्यांनी हा भाग नीट वाचा. शुद्ध केलेल्या सांडपाण्यात नायट्रोजन असतो. किती ते प्लांटच्या तपासणी रिपोर्टमधे बघा, ऑपरेटरकडे असतो. समजा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे आणि तुम्ही रोज चौरस मीटरला पाच लिटर पाणी देता, तर रोज ५० मिलिग्रॅम, महिन्याला दीड ग्रॅम, पावसाळा सोडून आठ महिन्यांत १२ ग्रॅम. म्हणजे सिलेक्शनचे जवळजवळ पाच डोस पाण्यातूनच आले, तेही थोडे थोडे, जे सगळ्यात उत्तम. मेक्सिकनला तर गरजेहून जास्त. अशा लॉनवर वरून यूरिया टाकायची गरजच नसते आणि तरी बागेच्या कंत्राटात दर महिन्याचं खत लिहिलेलं असतं. बोअरच्या पाण्याचंही तेच. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, त्याहून जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांना घातक ठरू शकतं, त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते. या ४५ मिलिग्रॅम नायट्रेटमधे नुसता नायट्रोजन सुमारे १० मिलिग्रॅम असतो, म्हणजे वरचाच हिशोब लागू. बोअरचा रिपोर्ट काढलाच असेल तर त्यातला नायट्रेटचा आकडा बागेसाठी पण वाचा.

पिवळं दिसलं की यूरिया, ही सवय मोडायला एक युक्ती. एका कोपऱ्यात एक मीटर बाय एक मीटरचे दोन चौकोन दोरीने आखा. एकात ५ ग्रॅम यूरिया झारीभर पाण्यात विरघळवून घाला. दुसऱ्यावर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम, स्प्रेच्या बाटलीने पानांवर, संध्याकाळी, ताजं बनवून. आठ-दहा दिवस थांबा. पहिला हिरवा झाला तर नायट्रोजन कमी होता. दुसरा हिरवा झाला तर लोह, आणि चुनखडीच्या मातीत हे खूपदा निघतं, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या अशी खूण असते, नायट्रोजन कमी असेल तर उलट खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. दोन्ही तसेच राहिले तर खत सोडा आणि गादी ओढून बघा, गालिच्यासारखी उचलली गेली तर खाली हुमणीच्या अळ्या मुळं खातायत. हिराकस फरशीवर पडू देऊ नका, तांबडे डाग पडतात ते जात नाहीत, आमच्या क्लबहाउसच्या पायऱ्या बघायला या.

गळती खरंच होते का हे बघायचं असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात नायट्रेट मोजायच्या पट्ट्या मिळतात. पोडियमच्या ड्रेनच्या पाइपाखाली पावसात बाटली धरा, पट्टी बुडवा, रंग जुळवा. खत टाकायच्या आधी एकदा, आणि टाकल्यावर पहिल्या मोठ्या पावसात एकदा. प्रयोगशाळेइतकं अचूक नसतं, पण आधी आणि नंतर यातला फरक कळतो, आणि तो रंग एकदा माळीकाकांना दाखवला की पुढचं भाषण वाचतं. आमचे काका आता स्वतःच म्हणतात, हस्त जाऊ द्या साहेब.

खरेदी करताना हजार-दोन हजार फुटाच्या लॉनसाठी ४५ किलोची गोणी घेऊ नका, पावसाळ्यात ओल धरून तिचा दगड होतो. नर्सरीत किलोच्या पिशव्या मिळतात. उरलेला यूरिया घट्ट झाकणाच्या डब्यात, वर मोठ्या अक्षरात नाव लिहून, बागेच्या सामानात ठेवा, किचनमधे अजिबात नाही, तो हुबेहूब साबुदाण्यासारखा दिसतो.